गरम पायांचा घोडा

चौकशी समितीच्या तिघांनी टिपूरची चित्रं भिंतीवर एकामागून एक दाखवली. दौडीच्या दिवसाचं, आदल्या दिवसाचं, मग त्याच्या आधीच्या आठवड्यांतली. प्रत्येक चित्रात निळ्या-पिवळ्या-केशरी रंगांचा एक घोडा उभा होता आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका होता. हिरवा म्हणजे घोडा ठणठणीत. मग ठणठणीत घोडा ओढ्याच्या उतारावर पाय जाऊन पडला कसा? समितीचे अध्यक्ष निवृत्त कर्नल होते आणि फार सभ्य गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि जुईकडे न बघता सांगितलं, की यंत्रात दोष दिसत नाही, घोड्यात दिसत नाही, तेव्हा उतारावर स्वाराने घोडा आवरायला हवा होता असाच निष्कर्ष निघतो.

जुई काकडे समोरच बसली होती. खांद्याचं हाड मोडलेलं, हात गळ्यात बांधलेला. वाद घालावा असं तिच्या मनातही आलं नसावं. "हो," ती म्हणाली. "आवरायला हवा होता मी."

मग अध्यक्षांनी शलाकाकडे पाहिलं. शलाका दडस म्हणजे फलटणजवळच्या माळावरच्या अश्वकेंद्रात घोड्यांना मालिश करणारी बाई. तिथल्या एकूण एक घोड्याची मान, पाठ, पाय तिच्या हातांखालून गेलेले. तुम्हाला काही सांगायचं आहे का, असं त्यांनी तिला विचारलं.

सांगायचं तर होतं. त्या खोलीत एकट्या तिलाच ठाऊक होतं, की जुईची काडीचीही चूक नव्हती. ते हिरवे ठिपके खोटे होते आणि ते तिनेच, स्वतःच्या हातांनी, खोटे केले होते. शब्द अगदी जिभेवर आले. तिने ते गिळले आणि "नाही" म्हणाली.

हे खोटं कसं जमलं ते कळायचं तर आधी कमान समजून घ्यावी लागेल.

तबेल्याच्या दाराशी एक लोखंडी कमान उभी होती. लग्नाच्या मांडवाला असते तेवढीच, फक्त फुलांच्या जागी कॅमेरे. हे कॅमेरे उजेड बघत नाहीत, ऊब बघतात. ऊब असलेली प्रत्येक वस्तू डोळ्यांना न दिसणारे किरण सतत बाहेर टाकत असते. ऊब जास्त तितके किरण जास्त. आपल्याला ते कळतात चुलीसमोर बसल्यावर. कमानीला मात्र अर्ध्या अंशाचा फरकही रंगात दिसतो. आता घोड्याच्या पुढच्या पायाला गुडघ्याखाली मांस असं नसतंच. हाड, कातडी आणि मागच्या बाजूने खुरापर्यंत उतरणारी कंडरा, म्हणजे पळत्या घोड्याचं वजन झेलणारी एक जाड दोरी. या दोरीचे आतले तंतू उसवायला लागले की शरीर तिकडे जास्त रक्त धाडतं आणि वरची कातडी किंचित तापते. घोडा लंगडायला लागण्याच्या कितीतरी दिवस आधी ती तापलेली असते. म्हणून रोज सकाळी प्रत्येक घोडा कमानीखालून चालत जायचा आणि दुखणं बळावायच्या आधीच सापडायचं. कमान आल्यापासून केंद्रातले लंगडे घोडे जवळजवळ संपले होते. शलाका यंत्रावर कितीही नाक मुरडत असली तरी हे तिला कबूल होतं.

मेख होती ती पहिल्या आठवड्यात. माणसामाणसांचं अंग सारखं गरम नसतं, तसं घोड्यांचंही नसतं. त्यामुळे नव्या घोड्याला यंत्र आठवडाभर नुसतं ओळखून घ्यायचं. त्या दिवसांत ते डावा पाय उजव्याशी ताडून बघायचं आणि दोन्ही सारखे दिसले की हा घोडा असाच आहे असं समजून ती चित्रं त्याचा मूळपट म्हणून साठवून ठेवायचं. एकदा मूळपट पक्का झाला की डाव्या-उजव्याची तुलना बंद, कारण घोडा एखादा पाय ओल्या गवतात ठेवून उभा राहतो, एका अंगावर लोळतो, रोज उठून काहीतरी फरक पडायचाच. पुढे डावा पाय फक्त डाव्याच्या मूळपटाशी जोखला जायचा आणि उजवा उजव्याच्या. आणि आपल्या मूळपटापेक्षा कुठलाही भाग जास्त तापला तरच यंत्र ओरडायचं.

म्हणूनच त्या आठवड्यात चित्र काढण्याआधी घोड्याला हात लावायला सक्त बंदी होती. खरारा नाही, पट्टी नाही, मालिश तर नाहीच, कारण चोळलं की रक्त कातडीकडे धावतं. घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारांना हे अजिबात पटलं नाही. त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या सकाळी आधी खरारा करूनच घोडा कुणापुढे काढत आलेल्या. संपतमामा हे त्यांतले सगळ्यात जुने. असं पारोसं घोडं चारचौघांत उभं करायची आम्हाला लाज वाटते, असं त्यांनी कंपनीच्या माणसाला तोंडावर सुनावलं होतं. त्या माणसाने हसून मान डोलावली आणि नियम काही बदलला नाही.

टिपूर हा भीमथडी जातीचा घोडा, टिपूर चांदण्यासारखाच पांढरा. तो केंद्रात आला आणि जुईला मिळाला. जुईला केंद्रात आणली होती शलाकाने. नीरेला जुईच्या चुलत्यांचे वरातीचे घोडे होते. एका लग्नात बँडच्या दणदणाटाने बिथरलेला घोडा ही पोरगी कानाशी नुसती बोलून शांत करताना शलाकाने पाहिली आणि ती चुलत्यांच्या मागेच लागली. मुलींनी दौडीत उतरायचं म्हणजे काय, इथपासून सुरुवात होती. दोन-तीन खेपा घालून, चहाचे कितीतरी कप रिचवून तिने त्यांचं मन वळवलं. जुई तिला ताई म्हणायची आणि शलाकाला खरोखरच धाकटी बहीण मिळाल्यासारखं झालं होतं.

मूळपटाचा आठवडा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी शलाकाने टिपूरच्या पायांवरून सहज हात फिरवला. डावा पुढचा पाय कंडरेपाशी गरम लागला. फार नाही, पण तिच्या हाताला पुरेसा. प्रवासात कुठे मुरगळला असावा. कमानीने तो फरक पाहिला असता तर टिपूर त्या सबंध हंगामात बाहेर बसला असता, आणि नीरा-भीमा या लांब पल्ल्याच्या दौडीच्या निवडीत जुईचं नावही आलं नसतं. पुढच्या वर्षी तिला घरचे परत पाठवतील याची काही शाश्वती नव्हती. शलाकाने मनाशी हिशेब केला, की पंधरा-वीस दिवस आपण रोज हात चालवला तर हा पाय बरा होतो. असे पाय तिने आजवर कितीतरी बरे केले होते.

यात जुईची माया होती हे खरंच. पण तेवढीच होती असं म्हटलं तर ते शलाकाला फुकटचं झुकतं माप देणं होईल. कमान येण्याआधी कुठला घोडा कसा आहे हे लोक तिला विचारायचे. आता कुणी विचारत नव्हतं. आपल्या हातापुढे त्या लोखंडाचं काय एवढं, हेही मनात कुठेतरी होतंच.

डावा पाय थंड करून भागणार नव्हतं. पाणी किंवा बर्फ लावलेला पाय चित्रात डागाळलेला दिसतो आणि यंत्र ते चित्रच घेत नाही. तेव्हा तिने उलटं केलं. त्या आठवड्यात रोज सकाळी, कॅमेऱ्यावरचा माणूस यायच्या आत, ती टिपूरच्या उजव्या बाजूला स्टूल घेऊन बसायची, त्याचा चांगला, निरोगी पाय मांडीवर घ्यायची आणि डाव्याइतका गरम होईपर्यंत चोळत राहायची. कोरड्या हाताने, कारण तेलाचा तवंग कॅमेऱ्याला लगेच कळतो. दोर धरून जुई उभी असायची. तो कमानीला बुजतोय, म्हणून जरा शांत करतेय, असं शलाकाने तिला सांगितलं होतं, आणि ताईने सांगितलं म्हटल्यावर जुईने पुढे काही विचारलं नाही. दोन्ही पाय सारखे केशरी दिसले. टिपूर हा गरम पायांचा घोडा आहे असं यंत्राने मान्य केलं आणि हिरवा ठिपका दिला.

पुढे शलाकाने स्वतःला दिलेला शब्द पाळला. रोज दुपारी ती डाव्या पायावर मेहनत घ्यायची. उष्मा थोडा उतरला, घोडा लंगडला तर कधीच नाही. मग हंगाम सुरू झाला, कामं वाढली, दुसरे घोडे आले. टिपूरचा ठिपका रोज हिरवाच होता, कारण डावा पाय त्या गरम मूळपटाशीच ताडला जात होता. आणि इथे असं काही घडलं, की ज्याचं तिला स्वतःलाच पुढे नवल वाटत राहिलं. खोटं तिनेच यंत्राच्या तोंडी घातलेलं. पण यंत्र ते रोज सकाळी इतक्या खात्रीने, इतक्या रंगांत सांगायचं, की हळूहळू तिचाही त्यावर विश्वास बसला. हिरवा आहे म्हणजे बरा झाला असणार, असं म्हणून ती पुढच्या घोड्याकडे वळायला लागली. टिपूरच्या त्या पायावर तिने शेवटचा हात कधी फिरवला हे तिला आठवतही नव्हतं.

नीरा-भीमा दौडीच्या अखेरच्या टप्प्यात, कोरड्या ओढ्याचा उतार उतरताना ती कंडरा तुटली. जुई पुढे फेकली गेली. केंद्राच्या पशुवैद्य यास्मीन मुजावर जीप घेऊन पोचल्या, पाय पाहिला आणि शेवटचं इंजेक्शन भरायला लागल्या. शलाकाने टिपूरचं डोकं मांडीवर घेऊन धरलं होतं.

समितीचा निकाल लागल्यावर जुई नीरेला परत गेली. खोगीर, बूट सगळं केंद्रातच टाकून गेली. शलाका तिला फोन करायची. माझ्या हातून मेला तो, हे जुई दर वेळी म्हणायची आणि असं बोलू नये, अपघात कुणाच्या हातात असतो का, असं शलाका दर वेळी समजवायची. समजावण्याची जेवढी म्हणून वाक्यं असतात ती सगळी तिने वापरली. एकच वाक्य उरलं होतं आणि ते तोंडातून निघत नव्हतं. फोन ठेवला की तिला स्वतःची किळस यायची, अगदी शब्दशः, घास खाली उतरायचा नाही. उद्या सांगू, असं ती ठरवायची, आणि दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागायची. पुढेपुढे जुईने फोन उचलणं कमी केलं आणि शलाकाला त्याचं वाईट वाटण्याऐवजी सुटल्यासारखं वाटलं. ते लक्षात आल्यावर ती तबेल्यामागे जाऊन बराच वेळ बसून राहिली.

कदाचित असंच चालत राहिलं असतं. माणसं अशा गोष्टी पोटात ठेवून म्हातारी होतात. पण एके दिवशी कंपनीचा अभियंता आला. अद्वैत टिळेकर त्याचं नाव, चांगला हसतमुख पोरगा. तो खुशीत होता. यंत्र एक नवीन गोष्ट शिकलंय, असं तो चहा पिताना सांगायला लागला.

गोष्ट अशी होती. कमानी आता राज्यभर बसल्या होत्या आणि सगळ्यांची माहिती एकाच ठिकाणी गोळा व्हायची. यंत्राला कुणी नियम शिकवत नाही. कुठले घोडे निरोगी राहिले आणि कुठले आजारी पडले ते त्याला सांगायचं, बाकी ते आपलं आपण शोधून काढतं. भीमथडी घोड्यांत टिपूरइतकी अखंड नोंद दुसऱ्या कुणाची नव्हती. त्याचा पाय गरम, तरीही सबंध हंगाम तो एकदाही लंगडला नाही, आणि शेवटी गेला तो स्वाराच्या चुकीमुळे. समितीनेच तसं म्हटलं होतं, म्हणून त्याची गणना निरोगी घोड्यांत झाली. त्यावरून यंत्राने अनुमान काढलं, की या जातीत पायाची थोडी उष्णता मोजण्याचं कारण नाही. सगळ्या कमानींवर भीमथडी घोड्यांसाठी मर्यादा सैल झाली होती.

"उगाच घोडे बाहेर बसवले जातायत म्हणून मालक कावले होते," अद्वैत म्हणाला. "आता त्या तक्रारी बंद झाल्या."

कप तसाच ठेवून शलाका उठली आणि थेट शेवंताच्या ठाणावर गेली. शेवंता ही केंद्रातली भीमथडी घोडी, सरावात असलेली. किती दिवसांनी ती अशी गुडघ्यांवर बसून एखाद्या घोड्याचे पाय चाचपत होती. उजवा थंड होता. डाव्याला हात लावला आणि तिने डोळे मिटले. बाहेर जाऊन सकाळचं चित्र पाहिलं, तर कोपऱ्यात हिरवा ठिपका.

त्या क्षणी तिने फार मोठा विचार केला असं नाही. एवढंच कळलं, की आपण गप्प बसल्याने फक्त जुई होरपळत नाहीये. उद्या ही घोडी पडेल, परवा कुठेतरी नगरकडे, सोलापूरकडे दुसरा कुठला घोडा पडेल, वरचं माणूस पडेल, आणि दर वेळी कुणीतरी सभ्य गृहस्थ चष्मा पुसून सांगेल की स्वाराचं चुकलं. तिने डॉक्टर यास्मीनना बोलावलं, अद्वैतला बोलावलं आणि शेवंताला दोघांसमोर कमानीखालून नेलं. ठिपक्याकडे बघू नका, नुसते रंग बघा, असं तिने सांगितलं. डावा पाय केशरी होता, उजवा पिवळा.

मग ती स्टुलावर बसली, शेवंताचा उजवा पाय मांडीवर घेतला आणि चोळायला लागली. अद्वैत आधी मोबाइल बघत होता, मग त्याने तो खिशात घातला. हात भरून आले तशी शलाका उठली आणि घोडी पुन्हा कमानीखालून नेली. आता दोन्ही पाय केशरी होते, एकसारखे.

"सांगा आता," ती म्हणाली, "दुखरा कुठला?"

अद्वैत पडद्याकडे बघत राहिला. डॉक्टरांना मात्र समजायला वेळ लागला नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"टिपूर?" त्यांनी विचारलं.

"टिपूर," शलाका म्हणाली. "मूळपटाचा सगळा आठवडा."

डॉक्टर यास्मीन एकदम चिडणाऱ्यातल्या नव्हत्या. "त्या दिवशी ओढ्यात इंजेक्शन मी दिलं," त्या म्हणाल्या. "तू त्याचं डोकं धरून बसली होतीस." आणि त्या शेवंताचा दोर शलाकाच्या हातातून काढून घेऊन आत निघून गेल्या.

पुढचं भराभर झालं. अद्वैतने तिथूनच फोन केले आणि कमानींवरची सैल मर्यादा मागे घेतली गेली. भीमथडी घोडे ठिकठिकाणी हाताने तपासले. काही खरोखरच दुखरे निघाले, त्यांना विश्रांतीला बसवलं. शेवंताही बसली. समितीला सगळं नव्याने मांडावं लागणार होतं. शलाकाचं काम बंद झालं आणि ते पुन्हा कधी मिळेल की नाही हे कुणी सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. निघताना तिने सगळ्यांना नमस्कार केला. संपतमामा तेवढे गेटपर्यंत पोचवायला आले आणि ती बाहेर पडताच गेट लावून मागे वळले.

समितीकडून जुईला कळण्याआधी आपण जाऊन सांगायचं, एवढं तिने पक्कं केलं होतं. एस.टी.त बसून ती नीरेला गेली. वाटेत तिने खूप वाक्यं जुळवली. तुझ्या मायेपोटी केलं, असं एक होतं. पाय बरा होईल असं मला मनापासून वाटलं होतं, हे दुसरं. ओसरीवर जुई दिसली तेव्हा ही सगळी वाक्यं तिला स्वतःच्याच कातडीला जपणारी वाटली आणि तिने ती सोडून दिली.

चुलते घोडे घेऊन कुठल्याशा लग्नाला गेले होते. जुई एकटीच वरातीच्या झुलीला टिकल्या लावत बसली होती. हात आता मोकळा होता, पण खांद्याच्या वर जात नव्हता. शलाकाने उंबऱ्याशी बसूनच सगळं सांगितलं. गरम पाय, चांगल्या पायाची मालिश, हिरवे ठिपके, समितीपुढचं "नाही". जुईची सुई कधी थांबली ते दोघींनाही कळलं नाही.

"म्हंजे माझ्यामुळं नव्हं?" तिने विचारलं.

"तुझ्यामुळे नाही. माझ्यामुळे."

जुई झुलीकडे बघत राहिली. "मी रोज त्यो उतार उतरतीय, ताई," ती म्हणाली. "रोज लगाम आवरून बघतीय. कुठं आवरला असता तर वाचला असता, त्ये हुडकतीय."

माफ कर म्हणायचं शलाकाला धाडस झालं नाही, कारण माफीत पुन्हा जुईकडूनच काहीतरी मागणं होतं. आतून कुकरची शिट्टी झाली. जुई उठून गॅस बंद करून आली आणि परत बसली. मुलीच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं शलाकाला वाटलं, निदान तसं वाटून घ्यावंसं वाटलं. आपण आलो ते बरं झालं, असं ती पहिल्यांदा मनाशी म्हणाली.

"एक इचारू का?" जुई म्हणाली. "खरं सांगायचं पण."

"विचार."

"संध्याकाळी मी गूळ घेऊन गेले की टिपूर डावा पाय पुढं टाकून हुबा ऱ्हायचा. असा लांब. आमची वरातीची घोडी सलाम करत्यात ना, तसा. चुलत्यांनी गूळ चारून चारूनच शिकवलेलं असतंय त्यांना. मला वाटायचं, म्या काय शिकवलं न्हाई, तरी ह्यो आपणहून सलाम करतोय मला. म्या गूळ द्यायचे आणि आणखी एकदा कर म्हणायचे." ती थांबली. "सलामच हुता ना त्यो?"

घोड्यांत वावरलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. पुढचा पाय ठणकायला लागला की घोडा तो लांब पुढे ठेवून उभा राहतो, भार पडू नये म्हणून. वरातीच्या घोड्यांत वाढलेल्या मुलीला मात्र त्यात सलाम दिसला, आणि दिसणारच. शलाकाने तिच्या तोंडाकडे पाहिलं. होकार हवा होता तिला, दुसरं काही नको होतं. हो गं, सलामच होता, एवढंच तर म्हणायचं. मायेपोटीच म्हटलं असतं. आणि तेवढ्यासाठीच शलाकाला ते म्हणवेना. मायेपोटी एकदा तिने दोन्ही पाय सारखे करून दाखवले होते.

"नाही," ती म्हणाली. "दुखायचा त्याचा पाय. दुखत असला की घोडा असाच उभा राहतो."

जुईने मान हलवली. एक टिकली उचलली, सुई तिच्या भोकात घालायला गेली, ते जमेना तेव्हा तिने टिकली परत वाटीत टाकली. मग झूल नीट घडी करून बाजूला ठेवली.

"जावा तुम्ही आता, ताई," ती म्हणाली.

शलाका उठली. पायात चपला सरकवल्या आणि अंगण ओलांडून फाटकाशी आली. तिथे मागून जुईचा आवाज आला. तो चढलेला नव्हता, त्यात रागही नव्हता.

"तेवढं एक खोटं बोलला असता तुम्ही, तर चाललं असतं मला."